फाटकाशी अडलेला कागद

शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची नक्कल फुकट मिळाली पाहिजे, असे कायदा सांगतो. पण ती त्याच्या हातात पडली की नाही, हे बघायचे कोणी?

मारतहळ्ळीचा पूल मागे टाकून बाहेरच्या रिंगरोडने दक्षिणेकडे निघाले, की बेळ्ळंदूर, अगरा, सिल्क बोर्ड ही नावे एकामागून एक येतात. गाड्यांच्या रांगा तर विचारूच नयेत. सिल्क बोर्डाच्या चौकातून होसूर रस्त्याला लागून थोडे पुढे आत वळले, की परप्पन अग्रहार. बंगळुरूचे मध्यवर्ती कारागृह इथे आहे. मारतहळ्ळीच्या काचेच्या कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्या शेकडो मराठी मुलामुलींपैकी बहुतेकांनी हे नाव फक्त वर्तमानपत्रात वाचलेले असते. तिकडे जाण्याचे कारणच पडत नाही. पडते तेव्हा मात्र एका रात्रीत पडते.

समजा, रात्री उशिरा गाडी चालवताना अपघात झाला आणि समोरचा माणूस दगावला. किंवा मित्राला वापरायला दिलेल्या बँक खात्यातून कुणाची तरी फसवणूक झाली. किंवा भागीदारीच्या धंद्यात पैशांवरून फिर्याद झाली. मुलगा आत जातो आणि कोल्हापूर-सोलापूरकडून त्याचे वडील किंवा थोरला भाऊ रातराणीने बंगळुरूला येऊन थडकतात. शहर अनोळखी, भाषा अनोळखी. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जामीन कधी होईल?’ दुसरा, ‘वकील किती घेतील?’ आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कुणाला सुचत नाही. खरे तर तोच आधी विचारायला हवा. ‘त्याच्यावर काय आरोप आहेत, ते सांगणारे कागद कुठे आहेत? ते त्याच्या हातात पडलेत का?’

तुरुंगातल्या माणसाकडे पैसा नसतो, फोन नसतो, हवा तेव्हा भेटणारा वकील नसतो. जे काही लढायचे ते कागदावर. फिर्यादीची प्रत, दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब, जामिनाचा हुकूम, निकालपत्र यांपैकी एखादा कागद फाटकाशी अडला, तर त्या माणसाची वर्षेच्या वर्षे अडू शकतात. हे अतिशयोक्तीचे वाटत असेल, तर येरवड्याची एक खरी हकिकत वाचावी.

येरवड्यात नेमके काय झाले?

या हकिकतीत कर्नाटकही आहे आणि महाराष्ट्रही. सौराष्ट्र विद्यापीठात रीडर असलेल्या एका उच्चशिक्षित माणसावर बनावट पदव्यांसंबंधी खटला झाला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या नावाचा ठसा बनवून घेण्यासाठी तो एका ब्लॉकमेकरकडे गेला होता. कुलगुरूंच्या स्वीय साहाय्यकाच्या सहीचे म्हणून एक बनावट अधिकारपत्रही त्याने तयार केले होते. गुन्हा काही क्षुल्लक नव्हता. तरीही सेशन्स कोर्टाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद आणि दंड एवढ्यावरच सोडले. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेले. हायकोर्टाने नोव्हेंबर १९७३ मध्ये शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली आणि त्याची रवानगी तुरुंगात झाली.

हायकोर्टाने आपले काम चोख केले होते. कैद्यासाठी निकालाची मोफत नक्कल पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे वेळेवर रवाना झाली होती. ती कारागृहात पोचलीही. पुढे काय झाले, यावर मात्र दोन बाजूंची दोन म्हणणी होती. कैदी म्हणाला, मला नक्कल मिळालीच नाही. तुरुंगाचे म्हणणे असे की, कारकुनाने ती त्याला दिली होती. पण राज्यपालांकडे शिक्षामाफीचा अर्ज जायचा होता, त्याला जोडण्यासाठी ती पुन्हा परत घेतली. कैद्याला नक्कल मिळाल्याची सही? ती कुठेच नव्हती.

अपिलासाठी नक्कल हवी आणि नक्कल तर हातात नाही, अशा त्रांगड्यात चार वर्षांहून अधिक काळ गेला. नक्कल मिळवून हा माणूस सुप्रीम कोर्टाच्या दारात पोचला, ते साल होते १९७८. तोवर त्याची तीन वर्षांची शिक्षा पुरी भोगूनही झाली होती.

‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने हा निकाल वकिलांना ठाऊक आहे. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तो दिला. गंमत अशी की, अर्ज करणारा त्यात हरला. सुप्रीम कोर्टाने त्याचे अपील दाखलच करून घेतले नाही. उलट अशा पांढरपेशा गुन्हेगाराला खालच्या कोर्टाने इतके सौम्य वागवल्याबद्दल नाराजीच दाखवली. पण त्याच निकालात कोर्टाने देशभरातल्या कैद्यांसाठी काही गोष्टी कायमच्या सांगून ठेवल्या. तुरुंगवासाची शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची नक्कल ताबडतोब आणि मोफत द्यावी. ती तुरुंगाच्या पत्त्यावर पाठवली असेल, तर संबंधित अधिकाऱ्याने ती विनाविलंब कैद्याच्या हाती द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. अपील करायचे म्हणणाऱ्या कैद्याला तुरुंगाने सर्व सोय करून द्यावी. त्याला वकील करणे परवडत नसेल, तर कोर्टाने वकील द्यावा आणि त्याची फी सरकारने भरावी.

यात ‘लेखी पोच’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे म्हणायला हवेत. बाकीचे हक्क मोठे आहेत, राज्यघटनेतले आहेत. पण येरवड्यात सगळा घोळ झाला तो एका सहीच्या अभावी. जिथे कैद्याच्या प्रत्येक वस्तूची नोंद होते, तिथे त्याच्या स्वातंत्र्याशी थेट संबंध असलेल्या कागदाची पोच असू नये, हे अजब खरे!

कोणता कागद, कोणाकडून?

आता मारतहळ्ळीत येऊन उतरलेल्या त्या वडिलांकडे वळू. त्यांना कोणकोणते कागद मिळू शकतात?

पहिला कागद म्हणजे पोलिसांत नोंदलेली फिर्याद, म्हणजेच एफआयआर. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर सर्वसाधारणपणे चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवी. स्त्रियांवरील अत्याचार, दहशतवाद यांसारखी नाजूक प्रकरणे यातून वगळलेली आहेत. आरोपी स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधी पोलिस ठाण्यात अर्ज करूनही प्रत मागू शकतो.

दुसरा कागद म्हणजे अटकेची कारणे. याबाबतीत अलीकडे मोठा बदल झाला आहे आणि तो मुंबईतल्या एका मोटार अपघाताच्या प्रकरणातून झाला. पूर्वी अटकेची कारणे तोंडी सांगितली तरी चालते, असा सर्रास समज होता. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायला हवीत आणि अटक झालेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. अटकेच्या वेळी लेखी देणे शक्यच नसेल, तर आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तरी तो कागद त्याला मिळाला पाहिजे. बंगळुरूत कन्नड न येणाऱ्या मराठी मुलाच्या दृष्टीने ‘समजणाऱ्या भाषेत’ या शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरा म्हणजे दोषारोपपत्र आणि त्यासोबतचे जबाब, पंचनामे वगैरे. हा गठ्ठा आरोपीला फुकट मिळतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम २३० प्रमाणे आरोपी कोर्टापुढे आल्यापासून जास्तीत जास्त चौदा दिवसांत हे कागद त्याला द्यायचे आहेत. कागद फारच मोठे असतील, तर ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याचीही मुभा आहे. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण हजार पानांचा पेनड्राइव्ह मिळाला, तर तो बराकीत वाचायचा कशावर? अशा वेळी वकिलाने कोर्टाकडे छापील प्रतीची मागणी करावी हे बरे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पोलिसांनी जप्त केलेले, पण दोषारोपपत्रात न वापरलेले कागदही असतात. आरोपीच्या सुटकेला उपयोगी पडेल असा एखादा कागद नेमका त्या ढिगात असू शकतो. अशा वस्तूंची आणि कागदपत्रांची यादी आरोपीला द्यावी, असे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितले आहे. यादीच हातात नसेल, तर मागायचे तरी काय?

शिक्षा झाल्यावर निकालपत्र. अपील करता येण्याजोगा निकाल असेल, तर नक्कल मोफत. आरोपीने मागणी केली, तर शक्य असेल तेव्हा त्याच्या भाषेतले भाषांतरही. जुन्या संहितेत हे कलम ३६३ मध्ये होते, नव्या संहितेत ४०४ मध्ये आहे. सेशन्स कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला सर्वसाधारणपणे साठ दिवसांची मुदत असते, फाशीच्या शिक्षेत तीस दिवसांची. नक्कल मिळवण्यात कोर्टाकडे जेवढा वेळ लागला, तेवढा या मुदतीतून वजा होतो. म्हणूनच नक्कल कधी मागितली आणि कधी मिळाली, या दोन तारखा जपून ठेवाव्यात.

भाषेचा जुना झगडा

कागद मिळाला, पण वाचता येत नाही, तर तो मिळाला असे म्हणायचे का? हा प्रश्न नागपूरच्या एका स्थानबद्धाने साठीच्या दशकात थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेला होता. प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली त्याला पकडले होते. कारणांचा लांबलचक मजकूर त्याला इंग्रजीत दिला गेला. त्याला हिंदी येत होते, इंग्रजी नाही. त्याने हिंदी भाषांतर मागितले. इंग्रजी ही सरकारी कामकाजाची भाषा आहे, असे कारण देऊन त्याला ते नाकारण्यात आले. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये त्याची सुटका केली. कारणे कळवायची म्हणजे त्या माणसाला समजतील अशी कळवायची, असा कोर्टाचा अर्थ होता. २०२५ च्या निकालातल्या ‘समजणाऱ्या भाषेत’ या शब्दांमागे हा इतका जुना झगडा आहे.

आणि कारणांचा कागद द्यायचाच नाही, असेही दिवस बंगळुरूने पाहिले आहेत. शेषाद्री रस्त्यावर आज जिथे फ्रीडम पार्क आहे, तिथे पूर्वी शहराचा मध्यवर्ती तुरुंग होता. जून १९७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूला आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि आपल्या कोकणचे खासदार प्रा. मधु दंडवते यांना आणीबाणी लागताच पकडून तिथे ठेवले. मधुजी बंगळुरूत आणि प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायकोचा संसार तेव्हा पत्रांवर चालला होता. ‘मिसा’ कायद्यात दुरुस्ती करून सरकारने स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचे बंधनच काढून टाकले होते. या नेत्यांनी कर्नाटक हायकोर्टात दाद मागितली. मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला त्यांच्या बाजूने उभे राहिले. अर्ज चालू शकतात असे हायकोर्टाने म्हटले. पण एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने ते दारही बंद केले. तो एक विरोधी आवाज न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचा. बहुमतातले एक होते न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी २०१७ मध्ये, बंगळुरूच्याच निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, वडिलांचे ते मत चुकीचे ठरवले. एवढे होईपर्यंत एकेचाळीस वर्षे लोटली होती.

जामीन झाला, हुकूम कुठे आहे?

पुन्हा रोजच्या व्यवहाराकडे येऊ. घरच्यांना सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो जामीन मंजूर झाल्यानंतर. कोर्टात ‘मंजूर’ हा शब्द उच्चारला जातो, पेढ्यांचा विचार सुरू होतो, आणि मुलगा मात्र आतच. का? तर हुकूम पोचला नाही. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामीनपेटी सगळ्या देशाला माहीत झाली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. एका सिनेनटाच्या मुलाचा हुकूम संध्याकाळी साडेपाचपर्यंत त्या पेटीत पडला नाही, म्हणून त्याला आणखी एक रात्र आत काढावी लागली. नामांकित वकिलांची फौज असताना ही गत, तर साध्या घरातल्या मुलाचे काय?

त्याच वर्षी जुलैमध्ये आग्र्याच्या तुरुंगातले तेरा कैदी सुप्रीम कोर्टाने जामीन देऊनही काही दिवस आतच होते, कारण सही-शिक्क्याची प्रत पोचली नव्हती. तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा त्यावर संतापले. हुकूम पोचवायला आपण अजून आकाशात कबुतरे शोधतो आहोत का, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे गाजले. त्यातून ‘फास्टर’ ही सुप्रीम कोर्टाचे हुकूम थेट तुरुंगापर्यंत इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणारी व्यवस्था मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सगळ्याच कोर्टांसाठी सांगितले की, जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ई-मेलने पाठवावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आहे. जामीन होऊनही आठवडा उलटला असेल, तर घरच्यांनी हे कळवले गेले का, असे बेलाशक विचारावे.

दहा रुपयांचा अर्ज

२००५ चा माहिती अधिकार कायदा नागरिकांना हक्क देतो आणि तुरुंगात गेल्याने कुणी नागरिक राहत नाही असे नाही. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांसाठी अर्जाची फी दहा रुपये आहे. अर्ज का करता, हे सांगावे लागत नाही. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर एरवीच्या तीस दिवसांऐवजी ४८ तासांत माहिती द्यायची असते. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. पोलिस, तुरुंग, सरकारी इस्पितळ यांच्या नोंदी या कायद्याने मागता येतात; कोर्टाच्या दप्तरातले कागद मात्र त्या कोर्टाच्या नियमांप्रमाणे नक्कल विभागात अर्ज करूनच घ्यावे लागतात. सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात २०२० मध्ये तसे स्पष्ट केले आहे.

या साध्या अर्जाचा पिच्छा पुरवणारे कैदीही आहेत. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. फाशीच्या छायेतल्या त्यांच्यापैकी एकाने तुरुंगातूनच माहिती अधिकाराचे अर्ज करून खटल्याशी संबंधित कागद गोळा करण्याचा वर्षानुवर्षे खटाटोप केला. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेले. इतर खटल्यांत या निकालाचा दाखला घेऊ नये, असे त्या कोर्टाने सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. त्या स्फोटांत जवळजवळ १९० माणसे गेली, त्यांच्या घरच्यांना अजून उत्तर मिळालेले नाही, हेही खरे. कोर्टात सगळे कागद वेळेवर समोर यावेत, हे त्यांच्याही हिताचेच असते.

मुलाखतीला जाताना

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती आणि त्यांतली चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी होती. म्हणजे चारांपैकी तिघांचा खटला अजून संपलेला नव्हता. त्यांच्या घरचे मुलाखतीला जाताना कपडे, औषधाची चिठ्ठी, थोडे पैसे नेतात. सोबत एक वहीही न्यावी. कोणता कागद कधी मिळाला, कोणी दिला, कोणत्या भाषेत होता, सही कशावर घेतली, हे मुलाला विचारून तारखेसह त्यात लिहावे. न वाचता कशावरही सही करू नको, असे त्याला बजावावे. तुरुंगातल्या कुणी एखादा कागद ‘अर्जाला जोडायला’ म्हणून परत मागितला, तर आधी त्याची दुसरी प्रत करून मागावी.

वकील परवडत नसेल, तर संकोच करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा क्रमांक १५१०० आहे आणि तो बंगळुरूतूनही लागतो.

शिक्षा झालीच, तर कैद्याला तुरुंगातूनच अपील करता येते. अपिलाचा अर्ज आणि सोबतच्या नकला त्याने तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे द्यायच्या. तो त्या योग्य त्या कोर्टाकडे रवाना करतो. त्या दिवशीची तारीख आणि तुरुंगाच्या टपालाचा जावक क्रमांक तेवढा मागून घ्यावा आणि वहीत उतरवून ठेवावा.